मिळकत असते आणि मिळकत येते

(सात रस्ता, सोलापूर येथे संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आजच्या सभेपुढे एक ठराव यावयाचा आहे. घरपट्टी अजिबात रद्द करावी आणि तिच्या जागी राज्य सरकारने प्रत्येकाच्या उत्पन्नावर कर बसवून त्यातून शहरांचा खर्च भागवावा, अशी त्यात मागणी आहे. ठरावावर पुष्कळ सह्या झाल्या आहेत. चिटणिसांनी त्याविषयी चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा केली. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. अर्थशास्त्र पढलेलो नाही. परंतु मुलांना हिशेब शिकविण्यात उभा जन्म गेला, आणि हा प्रश्न पुष्कळसा हिशेबाचाच आहे.

आपल्या भाषेत ‘मिळकत’ हा शब्द मोठा फसवा आहे. महिन्याकाठी हाती येते तीही मिळकत, आणि वाडवडिलांनी ठेवलेले घर तीही मिळकत. पुण्याकडे तर घरपट्टीलाच मिळकतकर म्हणतात. एक मिळकत येते, दुसरी नुसती असते. ज्याच्याजवळ दोन्ही आहेत त्यास चिंता नाही. ज्याच्याजवळ दुसरी आहे आणि पहिली आटली आहे, त्याच्यासाठी हा ठराव निघाला आहे, हे आम्ही जाणतो.

जुन्या पेठेत आपल्या समाजातील एक वयोवृद्ध भगिनी राहतात. यजमान गिरणीत होते. गिरणी बंद पडली, पुढे यजमान गेले. मागे उरले ते दगडमातीचे माळवदी घर आणि दरमहा 1,000 रुपयांच्या आगेमागे निवृत्तिवेतन. एका खोलीत जुने भाडेकरू आहेत; भाडे 80 रुपये. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे त्यात वर्षास 4 टक्के वाढ करता येते, म्हणजे पहिल्या वर्षी 3 रुपये 20 पैसे! पावसाळ्यात माळवदावर माती टाकावयाची तर त्याहून कितीतरी अधिक मजुरी पडते. पट्टीचे बिल आले की बाई ते देवघरात ठेवतात. थकलेल्या पट्टीवर दरमहा 2 टक्के शास्ती चढते, हे त्यांस आम्ही सांगितले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “गुरुजी, घर विकल्याशिवाय घराची पट्टी कशी भरू?” या प्रश्नाचे उत्तर आम्हांस त्या दिवशी देता आले नाही.

आयकराचा कायदा या बाबतीत अधिक कनवाळू आहे. स्वतः राहत्या घराचे वार्षिक मूल्य तो शून्य धरतो; त्या घरातून पैसा येत नाही हे त्यास मान्य आहे. घरपट्टीस ते मान्य नाही. घर भाड्याने दिले असते तर काय आले असते, याचा ती अंदाज करते. समजा, महिना 2,000 रुपये. वर्षाचे 24,000, दुरुस्तीसाठी त्यातून 10 टक्के वजा, उरले 21,600. हे करयोग्य मूल्य, आणि त्यावर सर्वसाधारण कर व इतर पट्ट्या. न आलेल्या भाड्यावर आलेला कर, असे कोणी म्हटले तर ते खोटे नाही.

येथवर आम्ही ठरावाच्या बाजूनेच बोललो. आता अडचण सांगतो.

राज्य सरकारला आयकर बसविता येत नाही. घटनेने तो अधिकार संघसूचीत, म्हणजे केंद्राकडे ठेवला. राज्याकडे शेतीउत्पन्नावरील कर आणि जमीन व इमारती यांवरील कर दिला. मात्र घटनेच्या 276 व्या कलमाने एक फट ठेवली आहे, ती व्यवसाय कराची. महाराष्ट्रात तो 1975 पासून आहे. रोजगार हमी योजनेच्या खर्चासाठी तो बसविला गेला. 1972 च्या दुष्काळात खडी फोडणारी माणसे ज्यांनी आमच्याप्रमाणे शाळकरी वयात पाहिली, त्यांस त्या कराविषयी तक्रार करणे जड जाते. तथापि त्याची रचना पाहा. वर्षास 2,500 रुपये ही कमाल मर्यादा 1988 च्या घटनादुरुस्तीने घातली, ती आजही तेवढीच आहे. पगारदार पुरुषास महिना 10,000 च्या वर वेतन असले की तो 2,500 भरतो, आणि महिना 10 लाख मिळविणाराही 2,500 च भरतो. याला उत्पन्नावरील कर म्हणणे म्हणजे हत्ती आणि शेळी यांस एकाच तागडीत घालणे होय. ही मर्यादा उठविणे मुंबईच्या विधानमंडळाच्या हाती नाही. त्यासाठी संसदेने घटना बदलली पाहिजे. ठराव लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात घेतलेले दिसत नाही.

आणि घटना बदलली, तरी भरणार कोण? आमच्या वेतनातून तो कर दरमहा हाती पैसा येण्यापूर्वीच कापला जात असे. शिक्षक, कारकून, परिचारिका यांचे उत्पन्न सरकारच्या वहीत असते. रोखीच्या धंद्याचे किती असते, हे या सभागृहात बसलेल्या व्यापारी बंधूंनी मनाशी विचारावे. आम्ही येथे नावे घेणार नाही. उत्पन्न लपते. घर लपत नाही, पळून जात नाही, आणि त्याच्या दारापुढचे गटार व दिवा हे त्या घरासाठीच असतात. शिवाय शहराची थैली पूर्वीची राहिलेली नाही. जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर 2015 च्या ऑगस्टमध्ये 50 कोटींहून कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांवरून उठला, 2017 च्या जुलैपासून वस्तू व सेवा कर आला आणि शहरे राज्याच्या भरपाईकडे डोळे लावून बसू लागली. स्वतःची म्हणावी अशी मोठी पट्टी एकच उरली. तीही सोडावयाची म्हणजे रस्त्यावरील खड्ड्यासाठीही मंत्रालयाकडे अर्ज करणे.

आपल्यापैकी पुष्कळांची मुले अमेरिकेत आहेत, त्यांनी न्यू जर्सीची हकीकत घरी विचारावी. तेथील एडिसन गावाचे नाव आता आपल्या घराघरांत परिचित आहे. त्या राज्यात शाळांचा खर्च मुख्यतः घरपट्टीवर चाले. म्हणून श्रीमंत गावाची शाळा श्रीमंत आणि गरीब गावाची गरीब. 1976 च्या जुलैत न्यायालयाच्या आदेशाने शाळांवरील खर्चच थांबला, तेव्हा विधिमंडळाने निरुपायाने राज्याचा आयकर मंजूर केला. त्याचे उत्पन्न घरपट्टीचा भार हलका करण्यासाठीच वापरावे, असे त्याच वर्षी मतदारांनी घटनेतही घातले. म्हणजे आपल्या ठरावातील कल्पना तेथे प्रत्यक्षात आली. परिणाम काय? आयकर राहिला, वाढला. आणि 2024 मध्ये घरपट्टीचे सरासरी बिल वर्षास 10,000 डॉलरच्या वर गेले. नवा कर येतो तेव्हा जुना कर उठून त्यास जागा देतोच असे नाही.

मात्र त्याच राज्यात पात्र वृद्धांना घरपट्टीतील वाढ परत करण्याची सोय आहे. टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही, पण 65 वर्षांनंतर राहत्या घराची पट्टी पुढे ढकलता येते. घर विकले अथवा वारसांकडे गेले म्हणजे ती व्याजासह वसूल होते. आम्हांस ही युक्ती विशेष आवडली. घरावर बोजा चढतो आहे हे कळल्यावर परगावची मुले आईची पट्टी वेळेवर भरू लागतील, असाही तीत एक लाभ संभवतो.

कोणी म्हणेल, मुंबईत 2022 च्या जानेवारीपासून 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांस करमाफी आहे, तशी येथे मागावी. परंतु त्या भगिनींचे माळवदी घर क्षेत्रफळाने मोठे आहे. त्यांस त्या माफीचा उपयोग शून्य, आणि नव्या इमारतीतील लहान सदनिका गुंतवणुकीसाठी घेणाऱ्यास पूर्ण. चौरस फुटांवरून गरिबी मोजता येत नाही.

म्हणून आमची उपसूचना अशी. ‘घरपट्टी रद्द करावी’ हे शब्द गाळावेत. त्याऐवजी, स्वतःच्या घरात राहणाऱ्या आणि अल्प उत्पन्न असलेल्या वृद्धांची व विधवांची पट्टी आहे त्या रकमेवर स्थिर ठेवावी, त्यांस शास्ती लावू नये, थकबाकी घरावर बोजा म्हणून नोंदवावी, आणि शहरास येणारी तूट राज्याने व्यवसाय कराच्या उत्पन्नातून भरून द्यावी, असे म्हणावे. ज्याच्याजवळ मिळकत येते त्याने, ज्याच्याजवळ ती केवळ आहे त्याचा भार काही काळ उचलावा, एवढाच या मागणीचा अर्थ. ज्यांनी मूळ ठरावावर सह्या केल्या त्यांत आमचे दोन विद्यार्थीही आहेत; त्यांनी आमच्याविरुद्ध खुशाल बोलावे.

आणखी एक. सवलत उद्या मिळाली तरी ती कोणाच्या नावे मिळणार? आपल्या कित्येक घरांवर अजून आजोबांचे नाव आहे. दिवंगत माणसास वृद्ध म्हणून सूट मागता येत नाही. दर रविवारी सकाळी आम्ही संस्थेच्या कार्यालयात बसतो. मागील बिल, खरेदीखत आणि मृत्यूचा दाखला घेऊन यावे. वारसनोंदीचा अर्ज आम्ही लिहून देऊ. त्या भगिनींचा अर्ज गेल्या महिन्यात लिहिला; अजून त्यांच्या धाकट्या मुलाची सही यावयाची आहे.