आरोग्यसेवकाची नोंदवही

वैद्यकाचा विद्यार्थी वाचतो पुष्कळ. लिहितो मात्र परीक्षेपुरते. रुग्णाजवळ जे दिसले ते वेळीच लिहून ठेवण्याचे मोल डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या कार्यावरून कळते. १९७०च्या दशकात ते महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, दगावत. घाम, उलटी, गार पडलेले हातपाय, नाडी, रक्तदाब यांच्या नोंदी त्यांनी रुग्णागणिक ठेवल्या. हृदयावर होणारा आघात व फुप्फुसांत साचणारे पाणी यांमुळे रुग्ण दगावतो, हे त्यांतून स्पष्ट झाले. १९८२ साली ही निरीक्षणे ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे रक्तदाबावरील प्रॅझोसिन या औषधाचा उपयोग त्यांनी दाखवून दिला आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने घटले. हे सारे घडले ते खेड्यातील दवाखान्यात!

परिचारिका व विद्यार्थी यांनाही हे साधण्याजोगे आहे. तारीख, लक्षण, उपचार, परिणाम एवढे चार रकाने पुरतात. चुकलेला अंदाज खोडू नये; रुग्णाचे नाव मात्र प्रसिद्ध होणाऱ्या लेखनात येता कामा नये. कोणत्या वस्तीत, कोणत्या महिन्यात दंश अधिक, हे अशा नोंदींवरून ग्रामपंचायतीलाही कळते.