नारबाला काय कळलं होतं?



कोल्हापुरात कादंबरीची थोरवी सांगणं म्हणजे गुऱ्हाळात जाऊन उसाची महती गाणं. वि. स. खांडेकर १९३८ साली शिरोड्याहून इथं आले आणि इथलेच झाले. रणजित देसाई कोवाडचे, शिवाजी सावंत आजऱ्याचे, आनंद यादव कागलचे. एवढ्या कादंबऱ्या ज्या मुलखानं दिल्या, तिथल्या वर्गात ती शिकवली जाते कशी? कथानक, पात्रं, वातावरण, भाषाशैली, संदेश. पाच मथळे, प्रत्येकी दीड पान. गाईड पाठ करून पोरं पेपर लिहितात, पुस्तक कपाटातच राहतं.

१९७१ सालची यादवांची ‘गोतावळा’ घ्या. नारबा शेतावरचा गडी. जमीन त्याची नाही, बायको नाही, मूल नाही. दावणीची जनावरं हेच त्याचं गोत. मालक ट्रॅक्टर आणतो आणि जनावरं एकेक करून जायला लागतात. यांत्रिकीकरणाचा एखादा अहवाल इथं नांगरटीचा खर्च मोजेल, आणि त्याचा हिशेब बरोबरही असेल. पण दुसऱ्याच्या मालकीच्या बैलांवर ज्यानं जीव लावला, त्याचं ते बैल गेल्यावर काय गेलं? कायद्याच्या लेखी काहीच नाही. अहवालात या प्रश्नाला रकानाच नसतो. यादवांनी तो नारबाच्या तोंडून, कागलकडच्या बोलीत मांडला. सबंध कादंबरी त्याच बोलीत आहे. ती प्रमाण मराठीत उतरवून बघा. ‘गोतावळ्या’चं ‘पशुधन’ होईल आणि नारबाची बाजूच बुडेल.

तिच्या शेजारी कृष्णात खोतांची ‘रिंगाण’ ठेवावी. २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली ही कादंबरी धरणानं उठवलेल्या माणसांची आणि मागं राहिलेल्या जनावरांची आहे. तिकडं जनावरं गेली आणि माणूस उरला. इकडं माणसं गेली, जनावरं उरली. विकासाची किंमत कोण मोजतो, यावर एका जिल्ह्यानं दोनदा केलेला हा विचार आहे. विद्यापीठात विस्थापनावर चर्चासत्रं होतात तेव्हा मराठी विभागाला बोलावणं क्वचितच असतं, ही गोष्ट जरा खटकते.

आता याच गावाशी नातं असलेल्या दोन लोकप्रिय कादंबऱ्या. खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ ची, सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ ची. दोघींनी महाभारतातली एकेक कथा घेतली आणि ती पात्रांच्या साक्षींत वाटून दिली. ‘ययाति’त ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा बोलतात, ‘मृत्युंजय’मध्ये कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण. एकाच घटनेची दुसरी साक्ष ऐकली की पहिल्यावरचा आपला निवाडा डळमळतो. हे वर्गात सांगितलं जातं. पुढचा प्रश्न मात्र राहून जातो: साक्षीला कुणाला बोलावलंच नाही?

ज्यानं बापाला आपलं तारुण्य दिलं त्या पुरूला ‘ययाति’त स्वतःचं प्रकरण नाही. भर सभेत कर्णाचे शब्द जिनं सोसले ती द्रौपदी ‘मृत्युंजय’च्या सहा निवेदकांत नाही. कर्णावर जीव टाकणाऱ्या वाचकांच्या पिढ्यांना ही उणीव जाणवलीही नसेल. यात सावंतांच्या ताकदीचं मोजमाप आहे आणि वाचकाला सावध करणारी जागाही. कादंबरी आपल्या लाडक्या माणसाची वकिली करते. ती कुठं करते हे पकडणं हाच तर अभ्यास. आणि हा नियम ‘गोतावळ्या’लाही लागू करायला हवा: तिथल्या मालकाची बाजू आपल्यापर्यंत नारबाच पोचवतो.

समोर बसलेल्या अध्यापकांकडं एवढंच मागणं. जूनमध्ये कादंबरीच्या पहिल्या तासाला टिपणवह्या मिटवायला सांगा आणि ‘गोतावळ्या’ची सुरुवातीची दहा पानं पोरांकडून मोठ्यानं वाचून घ्या. वाचणारी मुलगी कागल-राधानगरीकडची असेल, तर तिचा हेल सुधारायला जाऊ नका.