हेस्टिंग्जचा एक डाव

बुद्धिबळाच्या पटावर उभय पक्षांस १६ मोहरीं समसमान मिळतात. विषमता असते ती खेळणारांच्या बळांत. दुर्बळानें प्रबळापुढें कसें बसावें, याचा उत्तम धडा इंग्लंडांतील हेस्टिंग्ज येथें १९३०–३१ च्या नाताळांतील स्पर्धेंत मिळाला.

काळीं मोहरीं होतीं क्यूबाच्या कापाब्लांकाकडे. १९२१ ते १९२७ पर्यंत तो जगज्जेता होता. त्यापूर्वीं १९१६ पासून १९२४ पर्यंत आठ वर्षें त्याला स्पर्धेंत पराभव ठाऊक नव्हता. पांढरीं मोहरीं होतीं पंजाबांतील मिठा टिवाना गांवच्या सुलतान खानाकडे. सर उमर हयात खान यांच्या आश्रयानें तो १९२९ सालीं विलायतेस गेला. तोंवर त्याचा अभ्यास देशी पद्धतीचा. तींत प्यादें पहिल्या खेळीसही एकच घर सरकतें. डावाच्या आरंभाचें पाश्चात्त्य शास्त्र त्यास परकेंच होतें. विलायतेंत जातांच त्यानें ब्रिटिश अजिंक्यपद मिळविलें खरें. तथापि कापाब्लांकापुढें त्याचा पाड लागेल, असें कोण म्हणेल?

२१ व्या खेळीस कापाब्लांकानें शह देण्यास प्रारंभ केला आणि आपले दोन्ही हत्ती देऊन पांढरा वजीर घेतला. वजीर गेला कीं सामान्य खेळाडूचें अवसान गळतें. परंतु मध्यभागीं प्यादीं एकमेकांस भिडून वाटा बंद झाल्या होत्या. काळा उंट स्वतःच्याच प्याद्याआड कोंडला होता, घोडा मागें हटला होता. साह्यावांचून एकटा वजीर नुसत्या येरझारा घालीत राहिला. सुलतान खानानें घाई केली नाहीं. दोन्ही हत्ती एका उभ्या पट्टींत आणले, मग राजास सावकाश डाव्या बगलेस नेलें. ५३ व्या खेळीस हत्ती शत्रूच्या हद्दींत शिरला. ६१ व्या खेळीस त्यानें एक प्यादें टिपलें. मग पांढऱ्याचें प्यादें वजीर होण्यासाठीं पुढें सरसावलें, आणि ६५ व्या खेळीनंतर कापाब्लांकानें डाव सोडला.

श्रोतेहो, दुर्बळ खेळाडू पुष्कळदां प्रतिपक्ष्याच्या खेळीनें नव्हे, तर त्याच्या नांवानें हरतो. नांवाच्या धास्तीनें तो अवेळीं हल्ला करतो, किंवा जिंकतां येण्याजोगा डाव बरोबरींत सोडतो. सुलतान खान पटावर जें दिसत होतें तेवढ्याशींच खेळला.

१९६६ सालीं तो सरगोधा येथें वारला. जागतिक बुद्धिबळ संघटनेनें त्यास सन्माननीय ग्रँडमास्टर ही पदवी दिली ती २०२४ सालीं. पटानें ६५ खेळ्यांत दिलेला निवाडा जगाच्या दप्तरीं नोंदला जाण्यास नव्वदांहून अधिक वर्षें लागलीं!