यंत्र पुन्हा फिरेल, हात पुन्हा येणार नाही

(नाशिक जिल्ह्याच्या बैठकीतील भाषणाचा मजकूर)



भाव, कर्ज आणि वीज यांवर या बैठकांत आपण तासन् तास बोलतो. आज मला कडबा कुट्टीवर बोलायचे आहे. विषय लहान वाटेल. पण मालेगाव, नांदगाव, येवल्याच्या कोरडवाहू गावांत जा. कडब्यावर जनावरे जगतात आणि तो कडबा आता विळ्या-कोयत्याने फारसा कोणी तोडत नाही. दाराशी मोटारीवरची कुट्टी आहे, खळ्यात मळणी यंत्र आहे. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने कपाशी खाल्ली, तेव्हापासून पऱ्हाटी वेळेत मोडण्याचे महत्त्व कळले. त्यासाठी ट्रॅक्टरवरचे श्रेडर आहे.

यंत्र नको म्हणणाऱ्यांतला मी नाही. यंत्राने पाठ वाचवली आहे. प्रश्न एवढाच, की पाठ वाचवताना हात का जावा?

अपघात झाला की आपण म्हणतो, नशिबात होते. नशीब बाजूला ठेवा, हिशेब करू. ट्रॅक्टरचा पीटीओ मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. आठ सेंटिमीटर जाडीच्या दांड्याचा घेर सुमारे २५ सेंटिमीटर. सेकंदाला सव्वादोन मीटर कापड तो गुंडाळतो. पाचवारी पातळ अडीच सेकंदांत संपते. "बंद करा" ही हाक ड्रायव्हरला ऐकू जाईपर्यंत सगळे झालेले असते. म्हणून पदर खोचलेला, उपरणे घरी आणि पीटीओच्या दांड्यावर झाकण, हे तीन नियम. झाकण फुटले तर नवे घाला, तोवर काम बंद.

कुट्टीचे तसेच. दातेरी रोलर ताट आत ओढतात. ताट कोणते आणि मनगट कोणते, हे त्यांना कळत नाही. अडकलेली पेंढी हाताने ढकलायची नाही. लिव्हर मागे घ्या, रोलर उलटे फिरवा. लिव्हर बिघडला असेल तर तो आधी दुरुस्त करा.

बोथट पाते सगळ्यांत घातकी. धार गेली की कडबा चेंबतो, मग माणूस हाताने रेटतो. धार वेळेवर लावा. पात्याचे नटबोल्ट रोज कामाआधी आवळा. सैल पाते गोळीसारखे सुटते. झिजलेल्या बोल्टाच्या जागी भंगारातला बोल्ट घालू नका. आणि दुरुस्ती करायची तर बटण बंद करून भागत नाही. फ्यूज काढा आणि आपल्या खिशात ठेवा. बटण बंद केल्यावरही जड चाक फिरत राहते; ते पूर्ण थांबू द्या, लाकडाची पाचर लावा, मगच हात घाला.

आता विजेचे. पंपाला आपण ऑटो स्विच लावतो, कारण लाईट रात्री कधी येईल याचा भरवसा नसतो. तोच स्टार्टर कुट्टीला जोडला, तर लाईट आल्याबरोबर यंत्र आपोआप सुरू होते, आणि त्या वेळी आत पोराचा हात असू शकतो. कुट्टीला ऑटो नको म्हणजे नको. मोटारीला अर्थिंग हवे, उघडे जोड नकोत. लाईनचे काम झाल्यावर फेज उलटसुलट होऊन मोटर उलटी फिरू शकते. म्हणून आधी रिकामे यंत्र क्षणभर चालवून दिशा पाहा.

हे झाकण आपण काढतो का? झाकण असले की पेंढी सावकाश जाते. मळणी यंत्राचे भाडे तासावर, मजुरी दिवसावर, आणि लाईट मिळेल तेवढीच. अर्धा तास वाचवायला लोखंडी पत्रा काढून बाजूला टाकतो. हा आळस नव्हे, ही तंगी आहे, हे मला मान्य आहे. पण अर्ध्या तासाचे भाडे एका पारड्यात टाका आणि जन्मभराचा हात दुसऱ्यात. हा सौदा कोणत्याही बाजारात तोट्याचाच ठरेल.

कायदाही आहे. संसदेने १९८३ साली धोकादायक यंत्रांचा कायदा केला, तो मुख्यतः मळणी यंत्रासाठी. मळणी यंत्राच्या भारतीय मानकात पेंढी घालायची नाळ किमान ९० सेंटिमीटर लांब आणि तिचा ४५ सेंटिमीटर भाग झाकलेला असावा असे आहे. कारण साधे आहे: खांद्यापासून बोटापर्यंत माणसाचा हात पाऊण मीटरच्या आसपास असतो. नाळ लांब असली तर हात ड्रमपर्यंत पोचतच नाही. भाड्याचे यंत्र खळ्यात आले की आधी टेप लावा.

सातबाऱ्यावर नाव असेल तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेतून मृत्यूला २ लाख आणि एक हात गेला तर १ लाख रुपये मिळतात. तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत अर्ज करावा लागतो. पण नाळेशी उभी असते ती बहुधा मजूर बाई. तिच्या घरात कोणाचेच नाव सातबाऱ्यावर नसेल, तर ती योजना तिच्यासाठी नाही. घामाचा दाम मागणाऱ्या आपण तिच्या हाताची किंमत काय ठरवणार? १९८३ च्या कायद्यात भरपाईची जबाबदारी कामावर ठेवणाऱ्यावर आहे. उद्या तो कामावर ठेवणारा तुम्ही-आम्हीच असू.

तरीही घडलेच, तर आधी वीज तोडा. जखमेवर हळद, चुना, राख नको. स्वच्छ फडके घट्ट दाबून धरा. तुटलेले बोट ओल्या स्वच्छ कापडात, ते प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि ती पिशवी बर्फात ठेवा. बोट थेट बर्फात ठेवू नका. १०८ ला फोन करा. जितक्या लवकर पोचाल तितकी बोट जोडण्याची आशा जास्त.

एवढे करा: पुढच्या बैठकीआधी प्रत्येक गावाने आपल्या सगळ्या कुट्ट्या आणि मळणी यंत्रे पाहावीत. झाकण, नाळ, अर्थिंग आणि लिव्हर. झाकणाशिवाय यंत्र भाड्याने आले तर खळ्यावरून परत पाठवा. एकट्याने पाठवले तर मालक दुसऱ्याच्या खळ्यावर जाईल. सगळ्या गावाने पाठवले तर तो झाकण बसवून परत येईल.