कळ ओसरल्यानंतरचे मिनिट



ज्या मीरा-भाईंदरमध्ये उत्तनच्या कोळीवाड्यातील स्त्री आणि मीरा रोडच्या उत्तुंग इमारतीतील स्त्री एकाच प्रसूतिकक्षात शेजारी-शेजारी कळा सोसत असतात, आणि जिथे अडलेल्या बाईला मुंबईकडे पाठवायचे झाल्यास दहिसर नाक्यावरची वाहनांची रांगही वैद्यकीय निर्णयात जमेस धरावी लागते, तिथे प्रसूतिकाळी गर्भाच्या सुस्थितीची खातरजमा वेळेवर कशी करावी, हाच विषय मला प्रसूतितज्ज्ञ आणि परिचारिकांच्या या सभेत मांडण्यास योग्य वाटला.

1821 साली फ्रान्समध्ये केरगारादेक यांनी गर्भजलाची खळबळ ऐकू यावी म्हणून मातेच्या उदरावर स्टेथोस्कोप लावला, आणि कानी पडले ते गर्भाचे ठोके! पुढे पिनार यांची नळी आली आणि 1958 मध्ये एडवर्ड हॉन यांनी ठोक्यांच्या अखंड विद्युत्-नोंदीचा मार्ग दाखविला. परंतु शोधायचे ते एकच राहिले. कळ आली की गर्भाशय आवळते व वारेकडे जाणारे रक्त काही क्षण मंदावते. सशक्त गर्भ ते सहज निभावतो. आधीच क्षीण झालेल्या गर्भाचे ठोके मात्र कळ उताराला लागताना मंदावतात आणि ती संपल्यावरही पूर्वपदावर येण्यास विलंब लावतात. म्हणूनच जाणती सिस्टर पोटावर तळवा ठेवून कळ ओसरल्याची खूण घेते, डॉप्लर लावते, आईचे ठोके बाळाचे म्हणून मोजले जाऊ नयेत यासाठी तिची नाडी धरते, आणि मग घड्याळावर नजर ठेवून पूर्ण मिनिट मोजते. मिनिटाला 110 ते 160 ठोके या मर्यादेइतकेच महत्त्व तिने निवडलेल्या त्या मिनिटाला आहे.

अखंड नोंदीच्या यंत्राचा मी वैरी नाही. रक्तदाब चढलेला असेल, वाढ खुंटली असेल, पाणी हिरवे गेले असेल किंवा कळांसाठी ऑक्सिटोसिन चालू असेल, तर अखंड नोंद हवीच. परंतु 1985 साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे 13,000 प्रसूतींच्या डब्लिन येथील परीक्षणात यंत्रामुळे नवजातांचे झटके निम्म्यावर आले, तरी मेंदूच्या पक्षाघाताची बालके कमी झाली नाहीत. आणि अशा परीक्षणांचा एकत्र विचार करता यंत्रामागोमाग सीझर वाढते, हेही दिसून आले. तरीही प्रत्येक निरोगी स्त्रीची दाखल होताच ठोक्यांच्या नोंदीची पट्टी काढण्याचा रिवाज आपण चालवितो. ती पट्टी बाळासाठी कमी आणि उद्या कोर्टकचेरी झालीच तर दाखला म्हणून अधिक असते, हे आपण खाजगीत मान्य करतोच, आज चारचौघांत करू या.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या शिफारशींप्रमाणे पहिल्या टप्प्यात दर 15 ते 30 मिनिटांनी आणि दुसऱ्या टप्प्यात दर 5 मिनिटांनी ठोके ऐकावयाचे आहेत. म्हणजे त्या घटकेला त्या सिस्टरकडे दुसरी बाई सोपविताच येत नाही. रात्रपाळीला मात्र एकीच्या माथी तिघी-चौघी येतात, आणि मग पहाटे तक्त्यावर एकाच शाईने, एकाच बैठकीत 140, 142, 140 असे आकडे उतरतात. त्याबद्दल मेमो तिला मिळतो. तिला एकटीला तैनात करणाऱ्याला कोणी विचारीत नाही. तेव्हा नवीन यंत्रांच्या मागणीआधी प्रत्येक प्रसूतिगृहाने आपली रात्रपाळीची हजेरी आणि त्या रात्रीच्या प्रसूती यांचा ताळा मांडावा, असा ठराव मी उद्याच्या बैठकीत मांडणार आहे. त्यावर पहिले भाषण सिस्टरांपैकी एकीने करावे, अशी माझी विनंती आहे.