उबवणी आपल्या हातात ठेवा
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापूस-ज्वारीच्या बैठकीत कोंबडी कुठून आली, असं काही जण म्हणतील. कापसाचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि येण्याआधीच वाटला गेलेला असतो. अंड्याचा पैसा आठवडी बाजाराला येतो आणि घरच्या बाईच्या हातात राहतो. म्हणून हा विषय.

आज बोलायचं ते गिनी कोंबडीबद्दल. करड्या अंगावर पांढरे ठिपके असलेली ही जात मूळची आफ्रिकेतली. बरेलीजवळ इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने तिचे कादंबरी, चितांबरी, श्वेतांबरी असे वाण काढले. पक्षी काटक, किडे टिपणारा, परका माणूस दिसला की वाडा डोक्यावर घेणारा. नर-मादी दिसायला सारखे. पण मादीची हाक दोन तुकड्यांची असते, नराची एका तुकड्याची.

खोट एकच. आई म्हणून ती बेभरवशाची. मशीन घ्यावं तर रात्रंदिवस साडेसदतीस अंश उष्णता लागते, आणि आपली वीज कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून गावरान खुडूक कोंबडी हेच आपलं मशीन.

हिशेब ध्यानात ठेवा. गावरान अंडं 21 दिवसांत फुटतं, गिनीचं 26 ते 28 दिवसांत. दोन्ही एकाच दिवशी बसवली, तर आधी निघालेली पिलं घेऊन कोंबडी उठते आणि गिनीची अंडी गार पडून मरतात. म्हणून एका कोंबडीखाली फक्त गिनीचीच 12 ते 14 अंडी ठेवा. डालग्यात खाली राख, वर कोरडं गवत. दाणापाणी जवळ ठेवा.

आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळीसच्या वर जातो. घरात साठवलेल्या अंड्यात गर्भ अर्धवट वाढतो आणि मरतो. बोल मात्र कोंबडीला लागतो. ओल्या वाळूत गाडगं रोवा. त्यात अंडी कोरडी, निमुळतं टोक खाली करून ठेवा. उन्हाळ्यात चार दिवसांपलीकडे साठवू नका. धुऊ तर मुळीच नका. दहाव्या दिवशी अंधारात बॅटरी लावून बघा. ज्यात काहीच दिसत नाही ते अंडं काढा.

गिनीच्या पिलांचा खरा वैरी ओल. पहिले काही आठवडे दवात, पावसात सोडू नका. पाण्याच्या ताटलीत खडे टाका, नाहीतर पिलं बुडतात. नुसता ज्वारीचा भरडा पुरत नाही. वाळवी द्या, बुरशी नसलेली शेंगदाणा पेंड द्या. सरकीची पेंड देऊ नका, तिच्यात कोंबड्यांना बाधणारं विष असतं. फवारलेल्या कापसातही पक्षी सोडू नका.

शेवटचं. 2019 साली सांगली भागात कडकनाथ कोंबडीचं प्रकरण गाजलं. पिलं घ्या, माल आम्हीच परत घेऊ, असा शब्द दिला गेला. शेतकरी बुडाले, फसवणुकीचे गुन्हे नोंदले गेले. गिनीचं नाव घेऊन उद्या कुणी असा दारात आला, तर आधी गावच्या बाजारात गिऱ्हाईक आहे का ते पाहा. सुरुवात एका डालग्यापासून करा. अडलं तर उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्याच लातूर जिल्ह्यात आहे.

कापसाचं बियाणं दरसाल विकत आणायची पाळी आपल्यावर आली. कोंबडीचं बियाणं अजून आपल्या डालग्यात आहे. ते तिथेच राहू द्या.