बापाला कुणी शिवलंच नाही
(युवक शिबिरातलं भाषण)



माझ्या आधीचे सगळे सत्तेवर बोलले. मी मुतण्यावर बोलणार आहे. हसा, पण ऐका.

माझा बाप कंत्राटावर झाडू मारायचा. रात्री चारपाचदा उठायचा. आम्ही म्हणायचो, म्हातारपण. खाडा झाला की मुकादम मजुरी कापायचा, म्हणून दवाखाना पुढं ढकलत राहिला. शेवटी गेला, केसपेपर काढून दुपारपर्यंत रांगेत उभा राहिला. डॉक्टरनं मान वर न करता गोळ्या लिहिल्या. दोन वर्षांनी कंबर धरली. तोवर प्रोस्टेटचा कॅन्सर हाडात उतरला होता.

प्रोस्टेट म्हणजे मूत्राशयाखालची अक्रोडाएवढी ग्रंथी. रात्रीचं उठणं पुष्कळदा तिच्या साध्या वाढीनंही होतं. कॅन्सर सुरुवातीला गप्प असतो, आणि ग्रंथीतच असताना सापडला तर बहुधा बरा होतो. शोधायचा कसा? रक्ताची पीएसए तपासणी, आणि गुदद्वारातून बोट घालून ग्रंथी चाचपणं. रबरी मोजा घालून का होईना, माणसाला शिवावं लागतं! माझ्या बापाला कुणी शिवलंच नाही. जात विचारली नाही, हे खरं. कामावरचेच कपडे अंगावर होते, विचारायची गरज काय?

१९७२ साली मुंबईत दलित पँथरनं ज्यांच्यावरून नाव घेतलं, त्या अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरांनी फुकट दवाखाने चालवले होते. आपण त्यांच्या बंदुकीचा फोटो तेवढा भिंतीला लावला. तिथं काळे पुरुष या कॅन्सरनं गोऱ्यांच्या सुमारे दुपटीनं मरतात. रक्तातच असेल, म्हणतात. रोग त्यांना जास्त होतो खरा. पण माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्यांत दार दोघांना सारखंच. तिथल्या साठ हजारांवर रोग्यांचा अभ्यास २०२० साली छापून आला. निदानानंतर या रोगानं काळ्यांचं मरणं गोऱ्यांपेक्षा जास्त निघालं नाही. मग रक्त कुठं गेलं?

सगळ्यांनी सरसकट पीएसए करा, असं मी म्हणत नाही. आकडा वाढला म्हणजे कॅन्सरच, असंही नाही. नको ते उपचार गळ्यात पडतात. पण करायची की नाही हे ठरवायला समोर बसवून बोलणारा डॉक्टर लागतो, आणि त्याच्यापर्यंत जायला सुटी लागते.

आपल्या मागणीपत्रात किमान वेतन आहे, गमबूट आहेत. दवाखान्यासाठी भरपगारी दिवस नाही. तो मी हातानं खाली लिहून आणलाय. कागद फिरवतो, सह्या करूनच जेवायला उठा.